आरूनं जनावर खाल्लं

माझ्या पोरीच्या तोंडातनं दुसरंच एक तोंड भाईर डोकावत व्हतं, तवा माझ्या हातात नाचणीच्या सत्वाची वाटी व्हती.

वाटी मी टाकली न्हाई. लोक म्हणतात भीतीनं हातातलं सुटतं, माझं उलटं झालं, वाटी घट्ट धरली आन बाकी समदं सुटलं. आरू, म्हणजे माझी पोरगी, दहा महिन्यांची. पडवीच्या कडंला आमचा कडीपत्ता हाय, अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रमात लावलेला. त्या ड्रमाचा काठ दोन्ही हातानं धरून ती उभी, आन ओठाच्या मधनं एक हिरवं गुबगुबीत डोकं. त्याला दोन डोळे. मी त्याच्याकडं बघती, ते माझ्याकडं बघतंय. आरू दोघांकडंबी बघंना, ती आपली चावायच्या कामात. मग त्या डोक्यानं लाल जीभ काढली. जीभ न्हाई, जिभा. दोन! मधनं फाटलेल्या, लालभडक. आन असा वास सुटला, जसं कुणी कुजलेल्या लिंबावर अत्तर ओतलंय.

"जनावर," मी वरडले. "आत्या, जनावर!"

आता हितं एक सांगाया पायजे, न्हाईतर पुढचं समजायचं न्हाई. आमच्या बेडसे गावात सापाला साप म्हणत न्हाईत. नाव घेतलं की त्याला हाक मारल्यासारखं व्हतं, आन मग ते येतं. म्हणून म्हणायचं जनावर, न्हाईतर लांबडं. मी आठवी शिकलीय, शाळेत 'साप' लिवलाय बी, पण तोंडानं कधी काढला न्हाई. तर त्या दिवशी जे काय झालं ते ह्या एका शब्दानं झालं. (आन थोडं माझ्यामुळं. ते पुढं येतंय.)

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, उलथनं घेऊन भाईर आल्या. गॅसवरची भाकरी तशीच सोडून.

"कुटंय?"

"तिच्या तोंडात."

आत्या जागच्या जागी थांबल्या. "म्हणजे जनावर पोरीला चावलं, का पोर जनावराला?"

"पोर चावतीया."

मी बोट घातलं, आकडा करून वढलं, तर ते मऊ थंडगार काहीतरी भाईर आलं आन ड्रमातल्या पाल्यात पडून गायब झालं. आन आरूनं जो टाहो फोडला! चावल्याचा न्हाई, हिसकावून घेतल्याचा. आईला रडणं कळतं. ती म्हणत व्हती, माझा घास कुटं नेला.

आता त्या घासाचं दुखणं सांगते. आरू काय खातच नव्हती. चमचा दिसला की तोंड शिवल्यासारखं मिटायची. अंगणवाडीतल्या ताई दर खेपेला वजनकाट्याकडं बघायच्या, मग माझ्याकडं बघायच्या, आन "सारिका, काट्याला काय झालंय का गं?" असं इचारायच्या. पोरगी वाळत चालली आन माझी झोप गेली. फोनमधी बघून बघून मी नाचणी केली, गाजर केलं, भोपळा केला, सफरचंद वाफवलं. फोनमधली बाई म्हणायची फोडणी देऊ नका, मसाला देऊ नका, मी काय बी दिलं न्हाई. आरू समदं थुंकायची. आन आत्या एकच वाक्य म्हणायच्या, लय हळू, पण मला ऐकू येईल असं: "पोराला काय रुचतं ते आईला कळंना, मग कुणाला कळायचं?"

तर अशा पोरीनं दहा महिन्यांत पहिल्यांदा काय मन लावून खाल्लं असंल, तर जनावर.

शेजारच्या सुमनमावशीनं वरडणं ऐकलं आन ती आमच्याकडं यायच्या आधी दुसऱ्या बाजूला पळाली, बातमी द्यायला. आळीच्या तोंडाला ती म्हणली, सारिकेच्या पोरीला जनावर चावलं. देवळापाशी जाईपर्यंत पोरीच्या पोटात जनावर गेलं. तितनं बातमी तळेगावला आमच्या ह्यांच्या कंपनीत पोचली तवा, मला वाटतं, जनावराच्या पोटात पोर गेलं व्हतं, कारण ह्यांचा फोन आला तो रडतच.

"सारिके, पोर कुटंय?"

"माझ्या कडंवर."

"आन जनावर?"

"ड्रमात."

"मग पोटात कोण हाय?"

"ते म्हाईत न्हाई ओ!"

"केवढं व्हतं?"

"हिरवं."

"रंग न्हाई इचारला मी. थांब, निघालोच. आन बबनभाऊला सांगतो घरी जायाला."

बबनभाऊ म्हणजे आमच्या गावातले जनावरं पकडणारे. पन्नाशीचे, पोट सुटलेले. लोणावळ्याच्या बंगल्यांवर माळीकाम करतात आन कुणाच्या घरात निघालं की गमबूट घालून पोतं आन लोखंडी आकडा घेऊन येतात.

आमी त्यांची वाट बघितली न्हाई. सुमनमावशीच्या दिराच्या टेम्पोत बसून कामशेतला दवाखान्यात गेलो, मी, आत्या, आरू, उलथनं आन नाचणीची वाटी. वाटी अजून हातातच व्हती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई नवीन, शहरातल्या. लय गोड बोलल्या.

"काय झालं बाळाला?"

"जनावर," मी म्हणले.

"बरं. कुठलं जनावर?"

"हिरवं."

त्यांनी लिवायला घेतलेलं पेन थांबलं. "हिरवं जनावर. चावलं का? लाथ मारली?"

"न्हाई," आत्या म्हणल्या, "हिनंच त्याला तोंडात घातलं."

"मावशी," डॉक्टरीणबाई लय शांतपणे म्हणल्या, "जनावर म्हणजे गाय, म्हैस, बैल. ते बाळाच्या तोंडात कसं जाईल?"

"अवो तसलं न्हाई. लांबडं."

"लांबडं म्हणजे?"

आत्यांनी दाराकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं, आवाज बारीक केला आन उलथन्याचा फणा करून डोलवून दाखवला.

"साप?" डॉक्टरीणबाई ताडकन उभ्या राह्यल्या.

"नाव नका घेऊ," आत्या म्हणल्या.

भाईर बाकड्यावर बसलेल्या समद्या पेशंटांनी एकदम पाय वर घेतले. एक म्हातारबाबा गुडघा दुखतो म्हणून आलते, त्यांचा पाय सगळ्यात आधी वर गेला.

डॉक्टरीणबाईंनी आरूला उलटं केलं, सुलटं केलं, बॅटरी लावून तोंड बघितलं. खाली दोन दात, वर काय न्हाई, आन टाळूला काहीतरी हिरवं चिकटलेलं. त्यांनी चिमट्यानं काढलं. आमी दोघी डोळे मिटून उभ्या.

"हे कढीपत्त्याचं पान आहे," त्या म्हणल्या.

"आन जनावर?"

"चावल्याची खूण कुठंच नाही. बाळ हसतंय. पण तोंडात काय होतं ते कळलं पाहिजे. तोवर इथं बसा."

बसलो. आरू बाकड्यावर टाळ्या पिटत व्हती. मी मनातल्या मनात डोंगरातल्या देवीला नवस बोलत व्हते, एक नवस संपला की दुसरा. तिसऱ्या नवसापाशी फोन वाजला. बबनभाऊ.

"वहिनी, जनावर घावलं."

"इषारी हाय का ओ?"

"दोन लाल काढून दावतंय मला, रागात हाय."

"पकडलं का?"

"पकडलं. पण एक अडचण हाय."

"काय?"

"पोतं लय मोठं पडतंय. काडेपेटीत बसवलंय."

घरी आलो तर दारात ही गर्दी, पंधरा माणसं आन पंधरा काठ्या. आमचे हे कंपनीतले जाड बूट घालून पडवीत उभे, पोरगी दिसली तशी त्यांनी हिसकावूनच घेतली. मधोमध बबनभाऊ. कोपरापर्यंत हातमोजे, खांद्यावर आकडा, आन तळहातावर काडेपेटी. त्यांनी काडेपेटी उघडली तशी पंधरा माणसं मागं सरली.

आत एक हिरवी अळी. माझ्या करंगळीएवढी.

"हे डोळे खोटे हायत," बबनभाऊ म्हणले. "पाखरानं घाबरावं म्हणून नुसती नक्षी. आन ह्या जिभा न्हाईत, शिंगं. डिवचलं की काढती, वास सोडती. फुलपाखराचं पिल्लू हाय हे. ते काळं, पंखावर पांढऱ्या टिकल्यांचं येतंय का तुमच्याकडं?"

येतंय की. मी रोज बघायची. आत्यांनी पडवीच्या भवती गुलाब लावलाय, तुळस हाय, जास्वंद हाय. ते फुलपाखरू एकेका पानावर टेकायचं, पुढच्या पायांनी टकटक टकटक करायचं, आन उडायचं. गुलाबाला न्हाई म्हणायचं, तुळशीला न्हाई म्हणायचं. कडीपत्त्यावर आलं की टकटक करून शेपूट वाकवायचं आन पानाला मोत्यासारखा एक बारीक थेंब चिकटवायचं. मला वाटायचं बिचारी पाय पुसतीया.

"पाय पुसत न्हाई, चव घेती," बबनभाऊ म्हणले. "तिला चव पायात असती."

"पायात?" आत्यांनी आपल्याच पायाकडं बघितलं.

"व्हय मावशी. तिची पोरं कडीपत्ता, लिंबू असला पालाच खातात, दुसऱ्याला तोंड लावत न्हाईत. भलत्या झाडावर अंडं ठेवलं तर पोर उपाशी मरल. म्हणून पानापानाला इचारत जाती, माझ्या पोराला चालशील का म्हणून. मग ठेवती."

"आन ती सोता कडीपत्ता खाती?"

"छ्या. ती फुलातला रस पिती. पाला चाखती ते नुसतं पोरासाठी."

पंधरा काठ्या खाली झाल्या. आत्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या वाटीकडं. सकाळपासनं ती वाटी माझ्या हातात व्हती, अर्धा तालुका हिंडून आली व्हती.

"तू चाखलंस का गं कधी हे?" आत्या म्हणल्या.

खरं सांगते, न्हाई. खाणं सुरू केल्यापासनं एकदाबी न्हाई. पोरीचं खाणं आपण कशाला खायचं, तेवढंच कमी व्हईल, म्हणून. मी समद्यांसमोर बोट बुडवून चाटलं. पावसाळ्यात भिताडाला ओल येती ना, ती कुणी चाटली असंल तर त्याला चव कळंल. मला ते थुंकाया पायजे व्हतं, पण लोक बघत व्हते, म्हणून गिळलं. आरू बापाच्या कडंवरनं टक लावून बघत व्हती. म्हणत असंल, बघ.

हितं संपलं असतं. पण बबनभाऊंना लय म्हाईत. ते म्हणले, "ह्या अळ्या ल्हान असतात तवा वळखू येत न्हाईत. पानावर पाखराची घाण पडल्यागत दिसतात. आठ-दहा दिसांमागं दिसल्या असतील तुमाला."

मी ड्रमाकडं बघायला लागले. ड्रम लय चांगला हाय.

"सारिके," आत्या म्हणल्या, "मी तुला म्हणले व्हते, कडीपत्त्याच्या पानावर सहा ठिकाणी पाखराची घाण पडलीया, पुसून घे."

"व्हय."

"तू म्हणलीस पुसली."

"पुसायला गेलते. पहिल्याच घाणीला फडकं लावलं, तर ती चालाया लागली."

"मग?"

"मग मी पळाले."

आमचे हे भिताडाकडं तोंड करून हसले. पण आत्या हसल्या न्हाईत, त्या बोटांवर मोजत व्हत्या. "सहा," त्या म्हणल्या. "सहा घाणी व्हत्या, मी मोजून सांगितलेल्या. बबन, पाल्यात बघ रं किती हायत."

बबनभाऊंनी गमबुटासकट ड्रमात डोकं घातलं. चार. काडेपेटीतली एक, म्हणजे पाच.

पंधरा माणसांनी एकदम आरूच्या पोटाकडं बघितलं.

ह्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणल्या, अळी गेली असली तरी काय होणार नाही, दोन दिवस शी बघत राहा. तर बघितली. मी बघितली, आत्यांनी बघितली, ह्यांनी कामावर जायच्या आधी बघितली. सुमनमावशी तर सकाळी चहाच्या आधी यायची, "काय निघालं का?" म्हणत. वासुदेवाला बघायला लोक जमत न्हाईत एवढे आरूच्या दुपट्यापाशी जमायचे. काय निघालं न्हाई. आन जे निघत न्हाई त्याची भीती जास्त.

मी मात्र त्या दिवशी एक केलं. मऊ भात शिजवला, थोडी मुगाची डाळ, वर तुपात कडीपत्ता तडतडवून त्याचं तूप वतलं. आधी सोता चाखला. मग दुसऱ्या बोटानं चाखला. मग ह्यांना चाखाया दिला. मग आरूपुढं धरला. तिनं वास घेतला, माझ्याकडं बघितलं आन तोंड उघडलं. एवढं मोठं! वाटी संपली. तिनं चमचा चावला. मी पदर तोंडात घालून रडत व्हते आन आत्या गॅसपाशी पाठ करून उभ्या व्हत्या, म्हणल्या धूर झालाय. गॅसवर कसला धूर!

पण आता नवीनच भानगड. आत्यांनी हुकूम काढला, ड्रमाला हात लावायचा न्हाई. "लेकुरवाळी इश्वासानं पोरं ठेवून गेलीया आपल्याकडं. पाळणाघर हाय ते." तिकडं पाच अळ्या, हिकडं आरू, आन मधी एक कडीपत्ता. तिसऱ्या दिवशी ड्रमात नुसत्या काड्या उरल्या. मग मी रोज सकाळी सुमनमावशीच्या परसात जाऊन कडीपत्ता मागून आणायची.

"पोरीला पायजे का?" ती इचारायची.

"पोरीला दोन काड्या," मी म्हणायची, "बाकीच्या पाच पोरांना."

सुमनमावशीनं गावात सांगितलं, सारिकेच्या डोक्यावर झालाय परिणाम.

चौथ्या दिवशी दुपारी आरूला झोळीत टाकाया गेले. आमची झोळी पडवीतच, ड्रमाच्या वर, आत्यांच्या जुन्या लुगड्याची. टाकणार तेवढ्यात दोरीवर, मागच्या अंगाला, काहीतरी दिसलं. हिरवं, टोकदार, मिरचीएवढं. बुडाशी चिकटलेलं आन कमरंला बारीक दोरा बांधून मागं रेललेलं, खांबावर चढलेला वायरमन असतो ना, तसं. ह्या येळी मी वरडले न्हाई. बबनभाऊंना फोटो धाडला.

"सहावी," ते म्हणले. "मोठी झाली की झाड सोडून भाईर पडती आन कोष करती. आठ-दहा दिसात फुलपाखरू व्हईल."

म्हणजे आरूनं काय गिळलंच नव्हतं! एकच चावली व्हती, तीबी काडेपेटीत जाऊन सुखरूप परत आली. मी पडवीतच बसकण मारली. बोललेले समदे नवस एकदम आठवले. तेवढ्यात आत्या आल्या, दोरी बघितली, आन म्हणल्या, "आता झोळी हलवायची न्हाई."

"आत्या, आरू कुटं झोपायची?"

"तुझ्याकडं. ती कुटं कायमची ऱ्हायला आलीया? आठ दिस तर हायत."

तर असं झालं. किडा झोळीत, पोर माझ्या हातावर. आरू आता खाऊन खाऊन जड झालीया, अंगणवाडीचा काटाबी सुधारला. डावा हात रोज बधिर.

काल दुपारची गोष्ट. आरू डाव्या हातावर झोपलेली. उजव्या हातानं मी तिच्या भातासाठी कडीपत्ता खुडत बसलेली, बोटं हिरवीगार. तेवढ्यात ती आली. काळी, पांढऱ्या टिकल्यांची. गुलाबावर टेकली, टकटक, न्हाई म्हणली. तुळशीवर टेकली, न्हाई म्हणली. ड्रमातल्या काड्यांकडं बघून तर पुढंच गेली. आन येऊन माझ्या अंगठ्यावर बसली. मी श्वास धरला. टकटक. टकटक. लय येळ इचार केला तिनं. मग शेपूट वाकवलं आन माझ्या नखावर मोत्यासारखं एक अंडं ठेवून उडून गेली.

दहा महिने मला आई म्हणून कुणी पास केलं न्हाई. तिनं केलं, पण झाड म्हणून.

मी तशीच बसलेली. एका हातावर पोर, दुसऱ्या हातावर पोर. झोळी भरलेली. आन आतनं आत्यांची हाक, "सारिके, हात धू आन पीठ मळाया घे गं."

आता तुमीच सांगा, माझ्या जागी तुमी असता तर काय केलं असतं?